मद्रासची एलआयसी बिल्डिंग: ह्यात 'वारसा' काय आहे?

मद्रासकर (धागालेखक)

गेल्या महिन्यात पुण्याहून मावसभाऊ आला होता. कपालेश्वराचं देऊळ पाहिलं, सेंट जॉर्जचा किल्ला पाहिला, हायकोर्टाच्या लाल घुमटांचे पन्नासेक फोटो काढून झाले. स्वारी खूश. परतताना अण्णा सलाईवर (जुनी माणसं अजून माउंट रोडच म्हणतात) सिग्नलला गाडी थांबली. मी म्हटलं, "ही बघ एलआयसी." त्यानं मान वर केली, खाली केली आणि म्हणाला, "बरं. मग?"

सिग्नल सुटेपर्यंत मला त्या 'मग?'चं उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

दिसायला ती आहे सरळसोट. रस्त्यापासून जरा मागे सरून उभा ठेवलेला एक उंच, सडपातळ ठोकळा. कमान नाही, घुमट नाही, एक नक्षीचा दगड नाही. आसपास आता तिच्याहून उंच इमारती झाल्यात, त्यामुळे उंचीचाही रुबाब उरलेला नाही. पण १९५९ साली ती उघडली तेव्हा ती भारतातली सगळ्यात उंच इमारत होती. १७७ फूट. मुंबईत नाही, कलकत्त्यात नाही, मद्रासमध्ये! हा मान १९६१ साली मुंबईत कारमायकेल रोडवरच्या उषा किरण इमारतीनं घेतला. म्हणजे मिरवायला दोनच वर्षं मिळाली.

तिच्या जन्माची गोष्ट मात्र सरळसोट नाही. १९५३ साली काम सुरू झालं तेव्हा एलआयसी नावाची चीजच नव्हती. युनायटेड इंडिया ही मद्रासची खासगी विमा कंपनी आणि तिचे एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार. इंडियन ओव्हरसीज बँक १९३७ साली काढली तेही हेच. ह्या गृहस्थांच्या डोक्यात अठरा मजले होते. लंडनच्या ब्राउन आणि मूलिन ह्या आर्किटेक्ट जोडीकडून नकाशे करून घेतले. आणि १३ मार्च १९५४ रोजी सिंगापूरच्या कलांग विमानतळावर उतरताना विमान कोसळलं, त्यात चेट्टियार गेले.

दोन वर्षांनी सरकारनं आयुर्विमा ताब्यात घेतला. १ सप्टेंबर १९५६ रोजी दोनशे पंचेचाळीस लहानमोठ्या कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून महामंडळ झालं. अर्धवट उभ्या इमारतीचा मालक असा परस्पर बदलला. पुढच्या वर्षी लंडनवाले बाजूला झाले. अठराचे बारा मजले झाले. आणि ती पुरी करायचं काम आलं ल. म. चितळे ह्यांच्याकडे. २३ ऑगस्ट १९५९ रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या हस्ते उद्घाटन. खर्च ८७ लाख रुपये.

तर खाजगी चेट्टियार भांडवलानं सुरू झालेली, लंडनच्या कागदावर आखलेली, मद्रासच्या कंत्राटदारांनी बांधलेली, एका मराठी माणसानं तडीस नेलेली आणि सरकारच्या मालकीची होऊन उघडलेली इमारत. स्वातंत्र्यानंतरची पहिली बारा वर्षं अशी एका ठोकळ्यात मावलेली मला तरी दुसरीकडे दिसलेली नाहीत. आता सांगा, हा वारसा आहे की नाही?

---

गच्चीवरचा बाब्या

पहिला!

चितळे म्हणजे… ;-)

---

मद्रासकर

माहीत होतं, पहिला प्रतिसाद हाच येणार. नाही, बाकरवडीचा इथे विषय नाही. लक्ष्मण महादेव चितळे. १९३२पासून मद्रासमध्ये त्यांचा आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय होता. तमिळमध्ये 'ळ' आहे हो, पण इंग्रजी पाटी वाचणारे 'चिटाले' म्हणतात आणि मी दरवेळी दुरुस्त करतो. आता ऑफिसात मलाच चिटाले म्हणतात.

---

तिरसट अण्णा

लेख चांगला आहे, निष्कर्ष पटला नाही. गोष्ट सुरस आहे म्हणून खोकं वारसा होत नाही. उद्या आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी कोणत्या परिस्थितीत बांधली ह्याची गोष्ट सांगितली तर तीही तितकीच रंगेल (दोन सेक्रेटरी, एक कोर्टकेस). वारसा म्हणायला काहीतरी कारागिरी लागते. हायकोर्टाच्या विटेवर माणसाचा हात फिरलेला दिसतो. ह्या ठोकळ्यावर कोणाचा हात फिरलाय? मिक्सरचा?

शिवाय वय. पासष्ट वर्षं म्हणजे माझ्याहून लहान. मला कोणी हेरिटेज म्हणत नाही, नुसतं म्हातारा म्हणतात.

---

सिमेंट सावंत

अण्णा, मिक्सरचा हात फिरलाय म्हणता, पण त्या काळी बहुतेक साइटवर काँक्रीट डोक्यावरच्या पाट्यांतून चढायचं. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लाकडी फळ्यांचं. जुन्या काँक्रीटवरचा रंग खरवडला की फळीच्या रेषा, कधी गाठीचा गोल डागसुद्धा उमटलेला दिसतो. सुताराच्या हाताची ती खूणच की. आम्ही स्ट्रक्चरल ऑडिटला जातो तेव्हा अशी जागा सापडली की मी जरा वेळ तिथेच रेंगाळतो. माझा असिस्टंट वैतागतो.

दुसरं, मद्रासच्या भागात तोवर मोठं बांधकाम म्हणजे वीट आणि चुना. भिंतींनी भार घ्यायचा, म्हणून भिंती हातभर जाड आणि मजले मोजके. भार खांबांवर देऊन भिंत नुसती पडद्यासारखी ठेवायची, हे ह्या उंचीला तिकडे नवंच होतं. मिस्त्री, सुपरवायझर, गज बांधणारे, सगळी पिढी अशा साइटांवर शिकली. ही कारागिरी डोळ्याला दिसत नाही, पण आज तुम्ही आम्ही ज्यात राहतो ते सगळं त्यातूनच आलंय.

आता वाईट बातमी. ही घरं टिकवणं दगडी घरं टिकवण्याहून अवघड आहे. ताजं काँक्रीट क्षारधर्मी असतं, त्यामुळे आतला गज गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, क्षारपणा कमी करत करत गजापर्यंत पोचतो आणि मग गज गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आतून फुगतो, बाहेरचं काँक्रीट पोपडा होऊन पडतं. त्या काळात गजावर आवरण कमी ठेवायचे, त्यात समुद्राची खारी हवा. मद्रास, मुंबई, रत्नागिरी, सगळीकडे एकच रडगाणं. दगड झिजायला शतकं लागतात, गज पन्नास-साठ वर्षांत बोलायला लागतो. म्हणून "शंभर वर्षं झाली की बघू" म्हणालात तर बघायला काही उरणार नाही.

---

तिरसट अण्णा

शेवटचं वाक्य लागलं. पण शंभर वर्षांचा नियम मी काढलेला नाही, १९५८च्या केंद्राच्या कायद्यातच आहे.

---

मद्रासकर

सहमत, कायद्यात आहे. पण तो कायदा प्राचीन स्मारकांचा. गंमत बघा, कायदा १९५८चा आणि इमारत १९५९ची. दोघं एकाच वयाचे, आणि एक दुसऱ्याला म्हणतोय "तू अजून लहान आहेस".

शहरांचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात. दिल्लीत काय झालं ते आठवत असेल. प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स, १९७२ सालचा, राज रेवाल आर्किटेक्ट आणि महेंद्र राज इंजिनियर. लोखंड महाग म्हणून जगात इतरत्र पोलादात करतात तो जाळीचा सांगाडा इथे काँक्रीटमध्ये ओतला. दिल्लीच्या वारसा समितीनं म्हटलं, साठ वर्षं पुरी झालेल्या वास्तूंचाच विचार करू. एप्रिल २०१७मध्ये रातोरात पाडला. पंचेचाळिसाव्या वर्षी.

साठाची अट लावली तरी एलआयसी आता त्यात बसते, एवढंच आमचं नशीब.

---

जर्सीची सून

वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही. माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये पार्क अॅव्हेन्यूवर आहे आणि रोज लीव्हर हाउसवरून चालत जाते. साबणवाल्या लीव्हर ब्रदर्सचं, १९५२चं, एसओएम ह्या आर्किटेक्ट फर्मच्या गॉर्डन बनशाफ्टचं डिझाइन. हिरवट-निळ्या काचेचा पातळ ठोकळा, खाली खांबांवर उचललेला आडवा मजला आणि त्याच्याखाली कोणीही जाऊन बसावं असं मोकळं अंगण. न्यूयॉर्कच्या कायद्यात वयाची अट तीस वर्षांची आहे. लीव्हर हाउसला १९८२ साली, म्हणजे तीस भरल्या भरल्या वारशाचा दर्जा दिला, कारण जागेचा भाव बघता पाडून टॉवर करायचा डाव होताच.

सावंतांनी लिहिलं तसंच तिथेही झालं. काचेच्या चौकटींत पाणी शिरून आतलं पोलाद गंजलं, फुगलं आणि काचा तडकायला लागल्या. वेळोवेळी बदललेल्या काचांच्या छटा जुळेनात, गोधडीसारखं दिसायला लागलं. शेवटी २००१च्या सुमारास बाहेरची सगळी कातडीच उतरवून नवी बसवली. मूळच्यासारखी दिसणारी, पण आतून आजची.

म्हणजे आज मी जी काच बघते तिच्यात १९५२चं काही नाही. तरी ती इमारत तीच आहे असं सगळे मानतात. हे कसं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

---

पंतोजी

सूनबाई, आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, लाकूड बदलतं, कळस बदलतो, कधी मूर्तीसुद्धा बदलतात, देऊळ तेच राहतं. दगडाचं वय पाहायची सवय आपल्याला इंग्रजांनी लावली. आपलं मोजमाप जागा, रूप आणि राबता हे होतं.

(ह्याच न्यायानं ग्रामदैवतांच्या अंगावर बाथरूमच्या टाइल्स चढल्या, हेही खरं. त्याला जीर्णोद्धार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.)

---

शरयू देशमुख

टाइल्सवरून आठवलं म्हणून लिहिते. मी एका बँकेतून निवृत्त झाले, नाव घेत नाही. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी आमची शाखा १९६० सालच्या इमारतीत होती. दर्शनी बाजूला सिमेंटची जाळी. दुपारी तीनच्या सुमारास तिची चौकोनी सावली काउंटरवर यायची आणि हळूहळू लेजरवर सरकायची. घड्याळ बघावं लागत नसे. सावली तिसऱ्या ओळीला आली की कॅश बंद करायची वेळ. मे महिन्यात, एसी नसताना, त्या हॉलमध्ये पंख्यावर भागायचं. जिना मोझेकचा, काळ्या-पिवळ्या दाण्यांचा, पायऱ्यांच्या कडेला पितळी पट्टी. आमचा शिपाई दर शनिवारी ती पट्टी राखेनं घासायचा, कोणी सांगितलेलं नसताना.

मग "एलिव्हेशन सुधारायचं" ठरलं. जाळी फोडली, पुढून निळी काच आणि चंदेरी एसीपी पत्रा लावला. जिन्यावर व्हिट्रिफाइड टाइल. पहिल्याच पावसाळ्यात दोघं घसरले, एकाचा हात मोडला. आत उकडायला लागलं म्हणून एसी लावले, एसीला लोड पुरेना म्हणून जनरेटर आला. ह्या सगळ्याचं उद्घाटन झालं तेव्हा पेढे वाटले होते. मीही खाल्ला.

तेव्हा कोणी विचारलं असतं, "ह्या इमारतीत जपण्यासारखं काय आहे?" तर मीसुद्धा "काही नाही" म्हणाले असते. अण्णा, तुमच्यासारखंच.

---

तिरसट अण्णा

ताई, प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो. जाळी द्या मला. जाळी मान्य. पण मद्रासच्या ठोकळ्याला अशी जाळी आहे का?

---

मद्रासकर

शरयूताई, दंडवत. त्या सावलीसाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

अण्णा, अगदी अशी जाळी नाही. आणि आतून तिचं मूळचं किती उरलंय हा खरा प्रश्नच आहे, कारण ११ जुलै १९७५ रोजी इमारतीला मोठी आग लागली होती. सांगाडा वाचला, दुरुस्ती झाली, पुन्हा ऑफिस भरलं. म्हणून मी कारागिरीच्या वाटेनं भांडत नाही.

माझा मुद्दा पंतोजींच्या 'राबत्या'च्या जवळचा आहे. तमिळ सिनेमात गावाकडचा माणूस मद्रासला आला हे दाखवायचं असलं की वर्षानुवर्षं दोनच गोष्टी दाखवायचे: सेंट्रल स्टेशन आणि एलआयसी. संवादाची गरज नसे. खेड्यातून आलेले लोक खरोखर समोरच्या फुटपाथवर उभं राहून ती बघत. माझ्या घरमालकीणबाई सेलमजवळच्या. लहानपणी वडिलांनी मद्रासला नेऊन काय दाखवलं तर समुद्र, प्राणिसंग्रहालय आणि "पदिनालु माडि", म्हणजे चौदा मजली. एवढं म्हटलं की पुरे, कुठली ते सांगावं लागत नसे. बसस्टॉपचं नाव एलआयसी. २०१९ साली खालून मेट्रो सुरू झाली, त्या स्टेशनचंही नाव एलआयसी. कंपनीची जाहिरात म्हणून नाही, दुसरं काही म्हटलं तर लोकांना कळलं नसतं म्हणून.

ऑफिसच्या इमारतीला गावानं असं आपलं मानणं दुर्मिळ आहे. हायकोर्टात माणूस कज्जा असेल तरच जातो. ही नुसती बघायला जायची होती. राजाची नाही, देवाची नाही, साहेबाची नाही. पॉलिसीच्या हप्त्यांतून उभी राहिलेली. त्या फुटपाथवर उभ्या असलेल्यांपैकी काहींचा पैसाही तिच्यात असणार.

---

फोर्टातला कारकून

विम्याच्या पैशाचा मुद्दा महत्त्वाचा. मुंबईत पाहा: महात्मा गांधी रोडजवळचं न्यू इंडिया अॅश्युरन्स, १९३६चं, मास्टर-साठे-भुता ह्यांचं. दर्शनी भागावरचे पुतळे आणि उठावाची शिल्पं ना. ग. पानसऱ्यांची, शेतकरी, सूत कातणारी बाई. पी. एम. रोडवरचं लक्ष्मी इन्शुरन्स, तेही ह्याच मंडळींचं. हप्त्यांचा पैसा सुरक्षित गुंतवायचा तर जमीन आणि इमारत. आणि विमा कंपनीनं ग्राहकाला दाखवायचं काय, तर आम्ही पडणार नाही. म्हणून ह्या इमारती अशा ठाम उभ्या.

पण मुंबईचं बघा, आर्ट डेकोपर्यंत आपलं प्रेम पोचलं. २०१८ साली व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको मिळून ९४ इमारतींना युनेस्कोचा दर्जा मिळाला. त्याच्यापुढची दोन-तीन दशकं मात्र कोणाच्या खिजगणतीत नाहीत. नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग घ्या. १९७४ची, तेवीस मजले, न्यूयॉर्कच्या जॉन बर्गींचं काम. १९९३च्या स्फोटांत तिच्या तळघरात बाँब फुटला, तरी उभी राहिली. आता राज्य सरकारनं १६०१ कोटींना घेतली. बातम्यांत चौरस फूट आणि किंमत सगळं होतं. ती शहराच्या चेहऱ्याचा भाग आहे असं लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

---

गच्चीवरचा बाब्या

पण मालक एलआयसीच ना? मग पाडायची भीती कशाला? सरकारी संस्था आहे, जपेल की.

---

मद्रासकर

बाब्या, तुझ्या तोंडात साखर पडो. आता ऐक.

त्याच रस्त्यावर, थोड्या अंतरावर भारत इन्शुरन्स बिल्डिंग आहे. १८९७ची, मूळ नाव कार्डाइल बिल्डिंग. लाल वीट, मनोरे, कमानी. अण्णांना आवडेल अशी सगळी सामग्री. राष्ट्रीयीकरणानंतर तीही एलआयसीकडे आली. २००६ साली एलआयसीनं ती पाडायला घेतली. इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था कोर्टात गेली, काम थांबलं, आणि २०१०मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं पाडायला मनाई केली. तोवर छपराचे लचके तुटलेले होते. पाडणं थांबवलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नसतं. पुढची कित्येक वर्षं ती तशीच, अंगावर झाडं वाढवत उभी राहिली.

मनोरे असलेल्या इमारतीची ही गत, तर ठोकळ्यानं कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

---

सिमेंट सावंत

+१. आणि एक व्यावहारिक मुद्दा. वारसा म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण हात बांधले जातात आणि पैसे कोणी देत नाही. मुंबईत १९९५च्या नियमांत निदान वाढीव बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची, टीडीआरची सोय तरी ठेवली. अशा इमारतींना 'काही हलवू नका' असा दर्जा देऊन भागणार नाही. दर्शनी रूप, उंचीचं प्रमाण, पुढची मोकळी जागा हे धरून ठेवा. आतल्या तारा, लिफ्ट, पार्टिशनं बदलू द्या. ऑफिस म्हणून चालू राहिली तरच ती जगेल. रिकामी झाली की दोन पावसाळ्यांत गेली समजा.

---

तिरसट अण्णा

ठीक. खोकं ते खोकंच, पण फुटपाथवर उभं राहून बघणाऱ्यांचा मुद्दा मी खोडू शकत नाही. मीही सासवडहून पहिल्यांदा मुंबईला आलो तेव्हा नरिमन पॉइंटला मान दुखेपर्यंत वर बघत उभा होतो. पाकीट मारलं गेलं तिथेच.

एक तांत्रिक शंका: लेखात बारा मजले म्हणता, घरमालकीणबाई चौदा म्हणतात. मला एका ठिकाणी पंधरा सापडले. नक्की किती?

---

मद्रासकर

तळमजला धरायचा की नाही आणि वरच्या टोपीला मजला म्हणायचं की नाही, ह्यावर ते अवलंबून आहे म्हणे. वर्तमानपत्रांतसुद्धा तिन्ही आकडे येतात. उद्या त्या बाजूला काम आहे, समोर उभं राहून मोजतो.

---

तिरसट अण्णा

मोजले का?

---

मद्रासकर

मोजायला उभा राहिलो. नवव्यापर्यंत आलो आणि मध्ये डबल लांबीची बस आली. पुन्हा तळापासून सुरुवात केली तर शेजारी लुंगीतले एक आजोबा थांबले, माझ्याबरोबर वर बघायला लागले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पदिनालु."